बॅगेतला लॅपटॉप गरम होतो अन् चार्जिंग खातो, हायबरनेट लावू का?

संत्राबाग_फिरस्ता
नमस्कार मंडळी. मी नागपूरला गिट्टीखदानला राहतो, संत्र्याच्या बागांच्या झाडनिहाय नोंदी ठेवायचं काम करतो. कळमेश्वर, काटोल, नरखेड, आठवड्यातून चार दिवस गाडीवर. सकाळी ६ ला लॅपटॉप १०० टक्के भरून निघतो. एक्सेलची शीट अन् बागेचा नकाशा उघडाच ठेवतो, झाकण लावतो, बॅगेत टाकतो. काटोलच्या पुढे साडेआठला बॅग उघडली तर ७८ टक्के, अन् खालचा पत्रा तव्यासारखा तापलेला! मध्ये हातही लावला नव्हता.

मागच्या मंगळवारी तर फारच वाईट झालं. अंबिया बहराची फळगळ मोजत होतो. झाडाखाली बसायचं, गळलेली फळं गोळा करायची, मोजायची, शीटमध्ये टाकायची. दुपारी बॅटरी १४ टक्के दाखवत होती अन् पाहता पाहता स्क्रीन काळी. ११८ झाडांची नोंद गेली, सेव्ह केलेली नव्हती, रिकव्हरीतही काही सापडलं नाही. मालक सत्तरीचे. ते त्या उन्हात पुन्हा माझ्यासोबत झाडाझाडाखाली वाकले, मला फार लागलं ते. बागेत चार्जिंगचीही सोय नाही, पंपाची लाईट रात्रीच्या पाळीला.

दर वेळी शट डाउन केलं तर सगळं पुन्हा उघडत बसावं लागतं. हायबरनेटबद्दल ऐकलं, पण माझ्या पॉवर बटनात ते दिसतच नाही. त्यानं एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, झिजते असंही एक जण म्हणाला. काय करू? विंडोज ११, ८ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी.

बर्डीचा_दुरुस्तीवाला
भाऊ, तुमचा लॅपटॉप बॅगेत झोपतच नाही, जागाच राहून राहिला. जुन्या मशीनमध्ये स्लीप म्हणजे रॅमपुरती वीज चालू, बाकी सगळं बंद. आताच्या बऱ्याच लॅपटॉपांत स्लीप मोबाइलसारखी झाली आहे. स्क्रीन बंद, पण आतून नेट, मेल, अपडेट चालू राहू शकतं. बंद बॅगेत हवा नाही, वरून मे महिना. माझ्या टेबलावर याच दिवसांत फुगलेल्या बॅटऱ्या जास्त येतात, म्हणून हे मनावर घ्या.

हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर एका फाइलीत लिहिलं जातं अन् मशीन बंद होतं. बॅटरी जवळपास खर्चच होत नाही. चालू केलं की तीच शीट, तोच नकाशा.

बटनात आणायचं असं: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक करा, मग खालचा हायबरनेटचा चौकोन टिक होतो. त्याच पानावर झाकण लावल्यावर काय व्हावं तेही आहे, बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट निवडा. चौकोनच नसेल तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन' द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

एसएसडीची भीती सोडा. ही फाइल सहसा रॅमच्या ४० टक्के धरतात, म्हणजे तुमची सव्वातीन जीबीच्या आसपास. दिवसातून चारदा केलं तरी १३ जीबी, वर्षाला पाच टीबीच्या आत. तुमच्या आकाराच्या साधारण एसएसडीला कंपन्या आयुष्यभरात शंभर टीबीच्या वर लिखाण धरतात. त्याआधी बॅटरीच बदलावी लागेल.

एक सांगतो, झाकण लावलं की लगेच बॅगेत कोंबू नका. लाइट विझू द्या, पंखा थांबू द्या, मग ठेवा. पेनड्राइव्ह लावलेला असेल तर आधी नीट इजेक्ट करा, झोपेत उपटून नेऊ नका.

प्रबंध_चालू_आहे
दादांनी प्रवासाचं सांगितलं, पण ११८ झाडं प्रवासात गेली नाहीत, काम करता करता गेली. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण असंच गेलं होतं, त्यामुळे कळवळून लिहिते आहे. पॉवर प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली 'क्रिटिकल बॅटरी अॅक्शन' आहे, म्हणजे बॅटरी अगदी संपत आली की काय करायचं, तिथे हायबरनेट ठेवा. तुमच्याकडे ते बंद असेल तर ऐनवेळी विंडोजकडे तो मार्गच नव्हता. आणि 'क्रिटिकल बॅटरी लेव्हल', म्हणजे ते किती टक्क्यांवर व्हावं तो आकडा, वाढवा. १४ वरून एकदम बंद पडतो म्हणजे बॅटरी थकली आहे, तिचा आकडा खरा धरू नका. २० ठेवा.

'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' दिलं की एक पान तयार होतं. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी ताडून पाहा. आणि हायबरनेट म्हणजे सेव्ह नव्हे. दर झाडामागे कंट्रोल-एस दाबाच, दादा.

संत्राबाग_फिरस्ता
ताई, भाऊ, दोघांचेही मनापासून आभार. चौकोन दिसत नव्हता, कमांड दिल्यावर आला. आज नरखेडला गेलो. घरून १००, बागेत उघडला तेव्हा ९९, पत्रा थंड. उघडायला वीसेक सेकंद लागतात, तेवढं चालतं.

रिपोर्टही काढला. बॅटरी मुळात ४१ हजार मिलिवॅट-अवरची, आता भरते जेमतेम २३ हजार. पुढच्या महिन्यात बदलतो.

दुपारी २० टक्क्यांवर तो आपणहून बंद झाला. काळजाचा ठोकाच चुकला. घरी येऊन चार्जर लावला, बटन दाबलं. कर्सर ६४ व्या झाडाच्या रकान्यात तसाच, अन् मी लिहिता लिहिता सोडलेला १७ चा फक्त १.