श्रीलंकेचं दिवाळं आणि चिनी कर्ज

श्रीलंका चिनी कर्जाच्या सापळ्यात अडकून बुडाली, असं अनेकदा म्हटलं जातं, पण ते मला पटत नाही. चिनी कर्जातून बांधलेलं श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर २०१७ साली ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेलं, हे खरंच. पण त्यातून आलेल्या सुमारे १.१२ अब्ज डॉलरमधून बंदराचं कर्ज फेडलेलं नाही. ती रक्कम देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत गेली, कारण तेव्हा डोक्यावर होते ते खुल्या बाजारात विकलेले डॉलर रोखे, म्हणजे गुंतवणूकदारांकडून डॉलरमध्ये घेतलेलं कर्ज. त्यांचं व्याज जास्त, मुदत भरली की एकरकमी परतफेड, आणि अडचण आली तर बोलणी करायला समोर एखादं सरकार नसतं, जगभर विखुरलेले गुंतवणूकदार असतात.

त्यात २०१९च्या अखेरीस व्हॅट हा विक्रीवरचा कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, सरकारचं उत्पन्न घटलं. मग कोविडने पर्यटन बसलं. २०२१मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी, भाताचं पीक घसरलं आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला, तोही डॉलर मोजून! एप्रिल २०२२मध्ये परदेशी कर्जाची परतफेड थांबली. त्याआधीच इंधनाच्या रांगांत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचे जीव गेले होते.

चीनने कर्जाच्या अटी गुप्त ठेवल्या, हा दोष आहेच. पण सगळं खापर त्याच्यावर फोडलं की तेव्हाच्या राजपक्षे सरकारचे करकपात आणि खतबंदीसारखे निर्णय चर्चेतून सुटतात, आणि ते मला फार खटकतं.