ईव्ह ऑनलाइन: हेवी मिसाइलमधली 2012 ची कपात, दोष जहाजाचा होता की शस्त्राचा?

कक्षाभ्रमी

आइसलंडच्या सीसीपी कंपनीने 2003 साली सुरू केलेल्या ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या खेळात शस्त्रांच्या संतुलनाचा विषय निघाला, की डिसेंबर 2012 मधील ‘रेट्रिब्यूशन’ या विस्ताराचा (खेळात भर घालणाऱ्या मोठ्या बदलसंचाचा) दाखला हमखास दिला जातो. त्या वेळी हेवी मिसाइल या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे एक चतुर्थांशाने घटवण्यात आला, मूळ हानी 150 वरून 135 वर आणली गेली आणि स्फोटाची त्रिज्या 125 मीटरवरून 140 मीटर करण्यात आली. (त्रिज्या वाढणे ही येथे कपातच ठरते, कारण स्फोट जितका पसरट, तितकी लहान आणि चपळ जहाजाला पोहोचणारी हानी कमी.) हा निर्णय चुकीच्या ठिकाणी घेतला गेला, असे माझे ठाम मत आहे.

त्या काळात मोठमोठ्या फ्लीट (जहाजांचे ताफे) हेवी मिसाइल वापरणाऱ्या ड्रेक या बॅटलक्रूझर जहाजांनी भरल्या जात, हे खरे आहे. परंतु ड्रेक का निवडले जाई? कौशल्याच्या प्रत्येक पातळीमागे त्याच्या शील्डची (जहाजाभोवतीच्या संरक्षक ऊर्जाकवचाची) प्रतिकारशक्ती 5 टक्क्यांनी वाढे, ते स्वस्त होते, आणि नव्या खेळाडूलाही थोड्या प्रशिक्षणात ते घेऊन फ्लीटमध्ये उभे राहता येत असे. त्याचे बळ प्रामुख्याने त्याच्या टिकाऊपणात होते. सर्बेरस आणि नाइटहॉक ही जहाजे हेच मिसाइल वापरत, तरी त्यांच्या फ्लीटने कोणाची झोप उडवली नव्हती. शस्त्रच अतिबलवान असते, तर त्या जहाजांनाही तितकीच मागणी असायला हवी होती.

पुढे 2013 मध्ये प्रत्यक्ष ड्रेकमध्येच बदल झाला. सातपैकी एक लाँचर (मिसाइल डागणारे यंत्र) काढून घेण्यात आला आणि चार प्रकारच्या हानींपैकी कायनेटिक हानीचा बोनस प्रत्येक पातळीमागे 5 वरून 10 टक्के करण्यात आला. पाचव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवर पूर्वी सात लाँचरचा मारा 8.75 लाँचरइतका पडे, तो आता सहांचा 9 इतका पडू लागला. उरलेल्या तीन प्रकारच्या हानीसाठी मात्र सातऐवजी सहाच लाँचर राहिले. शत्रूच्या कवचातली फट पाहून त्याप्रमाणे हानीचा प्रकार निवडणे, ही मिसाइलची खरी ताकद असते, आणि या बदलाने नेमकी तीच ड्रेकच्या बाबतीत आखडली. हा उपाय आधी केला असता, तर शस्त्राला हात लावण्याची वेळ आली नसती.

प्रतिसाद: ध्रुवतारा

लेखकमहोदय, आपल्या मांडणीत टेंगूचा उल्लेख नाही, आणि मला तीच तिची सर्वांत कच्ची बाजू वाटते. टेंगू हे स्ट्रॅटेजिक क्रूझर हेच मिसाइल वापरत होते, ते स्वस्त नव्हते, आणि तरीही ते सर्वत्र दिसत होते. किमतीत आणि घडणीत इतका फरक असलेली दोन जहाजे एकाच शस्त्रामुळे वरचढ ठरत असतील, तर दोष शस्त्राकडेच जातो.

तोफांचे गणित आठवून पाहावे. तोफेचा गोळा लागण्याची शक्यता दोन गोष्टींनी घटते: लक्ष्य तोफेच्या ट्रॅकिंगपेक्षा (तोफ वळण्याच्या वेगापेक्षा) वेगाने भोवती फिरत असेल तर, आणि ते ऑप्टिमल पल्ल्याच्या (पूर्ण अचूकतेच्या अंतराच्या) पलीकडे असेल तर. ऑप्टिमलच्या पुढे एक फॉलऑफ अंतरावर (फॉलऑफ म्हणजे अचूकता घटत जाण्याचे त्या तोफेचे ठरावीक अंतर) ही शक्यता 50 टक्के उरते आणि दोन फॉलऑफ अंतरावर जेमतेम 6 टक्के. म्हणूनच रेलगन, आर्टिलरी किंवा बीम लेझर या लांब पल्ल्याच्या तोफा घेऊन लांबून लढणाऱ्याला शत्रू अंगावर आला की भीती वाटते, कारण जवळून वेगाने घिरट्या घालणाऱ्या जहाजावर त्याच्या तोफा वळतच नाहीत. हेवी मिसाइलला ही भीती नव्हती. लक्ष्याचा आकार आणि वेग तेवढाच राहिला, तर ते 5 किलोमीटरवर जेवढी हानी करी तेवढीच 80 किलोमीटरवरही करी. लांब पल्ल्याच्या इतर प्रत्येक शस्त्राला जवळच्या लढतीत जी किंमत मोजावी लागते, ती याला माफ होती. ड्रेकचे शील्ड कितीही पातळ केले असते, तरी ही माफी कायम राहिली असती.

प्रतिसाद: सह्यकडा

मी लेखकाच्या बाजूचा आहे, पण माझे कारण वेगळे आहे. या खेळात कौशल्ये प्रत्यक्ष घड्याळाच्या वेळेनुसार वाढतात. आठवडेच्या आठवडे मिसाइलच्या प्रशिक्षणात घालवलेल्या खेळाडूला एका दिवसात पल्ला, हानी आणि त्रिज्या या तिन्ही बाबतींत खाली ओढणे अन्यायाचे आहे. एका वेळी एकच आकडा बदलावा, काही महिने परिणाम पाहावा आणि मग पुढचा बदल करावा, असे मला वाटते.

याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर 2011 मधील ‘क्रुसिबल’ विस्तारात, हायब्रिड तोफांची (ब्लास्टर आणि रेलगन या गटाची) दैना दूर करताना चांगला मार्ग निवडला गेला होता. त्यांची पॉवरग्रिडची (जहाजाच्या वीजक्षमतेची) गरज आणि कपॅसिटरचा (साठवलेल्या ऊर्जेचा) वापर कमी केला, ब्लास्टरचे ट्रॅकिंग व रेलगनचा मारा वाढवला, आणि सोबत त्या तोफा वाहणाऱ्या, खेळातल्या गॅलेंटे राष्ट्राच्या जहाजांच्या चपळाईचाही विचार झाला. शस्त्र आणि जहाज एकत्र ठेवून पाहिले गेले. दुबळ्याला उचलल्याने कोणाचीही मेहनत वाया जात नाही.

प्रतिसाद: ध्रुवतारा

प्रशिक्षणाचा मुद्दा मला मान्य नाही. घालवलेला वेळ हे संरक्षण मानले, तर एकदा बलवान झालेले कोणतेही शस्त्र कधीच कमी करता येणार नाही, कारण तेच शस्त्र शिकण्यात सर्वाधिक लोकांनी वेळ घातलेला असेल. शिवाय मिसाइलचा वेग, उड्डाणाचा काळ आणि मारा वाढवणारी पूरक कौशल्ये सर्व प्रकारच्या मिसाइलना लागू पडतात. ती मेहनत हेवी मिसाइलबरोबर बुडाली नाही. आणि दुबळ्यांनाच उचलत राहिलो, तर प्रत्येक विस्तारागणिक मारा वाढत जाईल, जहाजे तेवढीच राहतील आणि लढती लवकर आटोपू लागतील.

प्रतिसाद: मध्यरात्र

एक वेगळी बाजू मांडतो. ईव्हचा सर्व्हर युद्धाची गणना सेकंदाला एकदा करतो, त्यामुळे लंडनमधल्या सर्व्हरशी पुण्याहून जोडलेला खेळाडू नेमबाजीच्या इतर खेळांमध्ये जितका मागे पडतो तितका येथे पडत नाही. मात्र तोफा चालवणाऱ्याला आपल्या जहाजाची दिशा सतत बदलत कोनीय वेग (लक्ष्य आपल्याभोवती किती झपाट्याने फिरते तो वेग) सांभाळावा लागतो, आणि तिथे संपर्क एकदोन सेकंद अडखळला तरी फरक पडतो. मिसाइल चालवणाऱ्यावर हा भार बराच कमी असतो. अशा खेळाडूंसाठी मिसाइल हे लढाईत शिरण्याचे दार आहे. ते अरुंद करताना हा विचार व्हायला हवा होता.

कक्षाभ्रमी

टेंगूचा मुद्दा मी मान्य करतो. तो वगळून केलेली मांडणी अपुरी होती. जवळच्या लढतीत या मिसाइलला काहीच किंमत मोजावी लागत नव्हती, हेही खरे आहे. परंतु लांबच्या लढतीत ते किंमत मोजत होते, ती ध्रुवतारा यांनी धरलेली नाही. 80 किलोमीटरवर पोहोचायला मिसाइलला जवळजवळ 15 सेकंद लागत. तेवढ्यात लक्ष्य वॉर्प करून (दूर झेप घेऊन) निघून जाऊ शके किंवा मित्रजहाजांकडून दुरुस्ती मिळवू शके, आणि वाटेत स्मार्टबॉम्बने (जहाजाभोवतीच्या सर्व गोष्टींना हानी करणाऱ्या शस्त्राने) मिसाइलच नष्ट करता येत असे. तोफेचा मारा त्याच क्षणी पडतो.

तेव्हा माझे म्हणणे मी असे सुधारतो. दोष जवळच्या माऱ्यात होता, तर त्याचा उपाय स्फोटाची त्रिज्या आणि स्फोटाचा वेग या दोन आकड्यांत होता. त्रिज्या 140 मीटर करणे मला आता योग्य वाटते, कारण त्याने लहान व वेगवान जहाजाला जवळ येऊन लढण्याची संधी मिळाली. पल्ल्यातल्या कपातीवर माझे मन अजून दोन्हीकडे आहे. मूळ हानीतून काढलेले 10 टक्के मात्र मला आजही समर्थनीय वाटत नाहीत, कारण त्यांचा फटका स्थिर उभ्या असलेल्या बॅटलशिपवर मारा करणाऱ्या सर्बेरसलाही तितकाच बसला, आणि तिथे दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते.