मदत हवी आहे: जुन्या ब्रोचची पिन बसत नाही, सोनार डाग द्यायचं म्हणतोय

पैठणी_जळगाव
शनिवारी घरात लग्न आहे. आजीचा साडीचा ब्रोच आहे, त्याची पिन लुळी पडलीय, हुकात राहतच नाही. मागे हिरवंही आलंय. सोनार म्हणतो, जुनी पिन काढून नवीन डाग देऊन (म्हणजे आगीवर जोड वितळवून) लावतो, वर पॉलिश करून देतो, दोन तासांचं काम. देऊन टाकू का? उद्या सकाळी दुकानात जायचंय, लवकर सांगा.

खिटी
फोटो टाका. धातू कोणता, खडे कोणते, मागची बाजू उघडी की बंद? हे कळल्याशिवाय 'द्या' म्हणता येणार नाही. तोवर आगीजवळ नेऊ नका.

रिठ्याचा_फेस
ताई, सोनाराची गरजच नाही. चार रिठे रात्रभर भिजत घाला, सकाळी कुस्करून फेस काढा, त्यात ब्रोच अर्धा तास ठेवून मऊ ब्रशने घासा. तरी हिरवं राहिलं तर लिंबाची फोड फिरवा.

खिटी
रिठा पाटल्या-बांगड्यांना उत्तम. ब्रोचला खडे-मोती असतील तर अर्धा तास काय, अर्धा मिनिटही बुडवू नका. आणि लिंबू तर नकोच. मोती कॅल्शियम कार्बोनेटचा, आम्लात विरघळतो. वरचा थर एकदा गेला की कुठलंच पॉलिश तो परत आणत नाही.

पैठणी_जळगाव
सोन्याचा आहे. मधे निळा खडा, भोवती बारीक मोती. फोटो अपलोड होत नाहीये. माझा प्रश्न पिनचा आहे, धुण्याचा नाही!

सराफगल्ली
सोन्याचा आहे कशावरून? ९१६ (२२ कॅरेटचा छाप) आणि एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) दिसतोय का? नसेल तर आधी कस लावून घ्या.

जुनं_ते
भाऊ, एचयूआयडी १ जुलै २०२१ पासूनचा. आजीच्या दागिन्यावर तो कुठून येणार? विलायती ब्रोचवर वेगळे आकडे असतात: ९ कॅरेटला ३७५, १५ ला ६२५, १८ ला ७५०. सोबत शहराची खूण, बर्मिंगहॅमचा नांगर किंवा लंडनचं बिबट्याचं तोंड, आणि वर्षाचं अक्षर. भिंग घेऊन हुकाच्या आसपास आणि पिनच्या बुडाशी पाहा. इथल्याच सोनाराने विलायती नमुन्यावर घडवला असेल तर काहीच खूण नसेल, म्हणून तो खोटा ठरत नाही.

पैठणी_जळगाव
१५ आणि ६२५ आहे. तिसरी खूण पुसट. मागून पूर्ण पत्रा, खडा आरपार दिसत नाही. हुक नुसता वाकवलेला, बंद होत नाही. पिनचं टोक ब्रोचच्या कडेबाहेर येतं. आता तरी सांगा, डाग देऊ का?

जुनं_ते
ब्रिटनमध्ये १५ कॅरेटचा छाप १८५४ ते १९३२ एवढाच चालला, त्यामुळे काळ ठरला. उघडा हुक आणि बाहेर येणारी पिन १९०० च्या आधीकडे बोट दाखवतात, पण हुकावरून एकट्याने निकाल देऊ नये. दुरुस्तीत हुक बदलतात. फिरत्या कुलपाचा हुक विसाव्या शतकात रुळला.

खिटी
नको. डाग देऊ नका. कारण सविस्तर सांगते, उद्या सोनाराला हेच वाचून दाखवा.

बंद पाठीच्या कोंदणात खड्याखाली बहुतेकदा चकचकीत पत्रा असतो, डांक म्हणतात तो. खड्याचा रंग त्यावरच उठतो. सोन्याचा डाग वितळायला सातशे अंशांच्या आसपास ताप लागतो. पिनपासून खडा दोन सेंटिमीटरवर असला तरी सोनं उष्णता झटकन पसरवतं, डांक काळवंडतो, मोती करपतात. पॉलिशच्या चाकाने मोती घासतात आणि खूणही पुसते. पाण्यानेही हेच, कडेतून ओल आत शिरली की खडा कायमचा मळका दिसतो.

आता हिरवं. ते फक्त बिजागरीपाशी असेल, तर पिन पितळेची असावी. सोनं स्प्रिंगसारखं ताठ राहत नाही म्हणून पिन अनेकदा दुसऱ्या धातूची घालत. सुक्या लाकडी दातकोरणीने भिंगाखाली अलगद खरवडा, धूळ मऊ ब्रशने झटका. बस. पण हिरव्याशेजारी करडा, सुईने ओरखडा उठेल इतका मऊ गोळा दिसला तर सावध. ते शिशा-कथलाचं जुनं जोडकाम. ते दोनशे अंशांच्या आत वितळतं, पण त्यावर सोन्याचा डाग द्यायला गेलं की शिसं सोन्यात शिरतं आणि खड्डे पडतात. आधी ते खरवडून पूर्ण काढावं लागतं.

पिन मात्र आगीशिवाय बदलता येते. बिजागरीत तीन नळ्या असतात: दोन ब्रोचच्या, मधली पिनची, आणि आरपार एक खिटी. खिटी ठोकून बाहेर काढायची, पिन सुटते. नवी पिन साधारण ०.८ मिलिमीटर तारेची, बुडाशी नळी ब्रोचपासून वेगळी जोडून मग तार थंड ओढून किंवा पिळून ताठ करायची. जोडताना तार तापली की मऊ पडते, हे बरेच कारागीर विसरतात आणि पिन पहिल्याच दिवशी वाकते. शेवटी नवी खिटी घालून दोन्ही टोकं हलकी ठोकायची.

लेझरवाला
एवढा खटाटोप कशाला? लेझर वेल्डिंग करून घ्या. ठिपक्यापुरताच ताप, शेजारी मोती असला तरी सुरक्षित.

खिटी
बिजागरीची नळी तुटली असती तर मीही लेझरच म्हटलं असतं. इथे नळ्या धड असाव्यात, खिटी झिजली असेल. त्यासाठी दागिन्यावर कायमचा वेल्ड कशाला?

लेझरवाला
नळीची भोकं लंबगोल झिजली असतील तर नवी खिटीही खडखडणारच.

खिटी
बरोबर. तेव्हा भोक किंचित मोठं करून जाड खिटी घालतात. नळीची भिंत पातळ उरत असेल तरच लेझर.

अमळनेरकर
या निमित्ताने: खांद्यावर ब्रोच लावायची पद्धत आपल्या नऊवारीची नव्हे. १८६०च्या दशकात ज्ञानदानंदिनी देवी (रवींद्रनाथ टागोरांच्या वहिनी) मुंबईत आल्या, तिथे पारशी स्त्रियांचं साडी नेसणं पाहून त्यांनी आपली पद्धत बसवली, पदर डाव्या खांद्यावर, त्यावर ब्रोच. पाचवारी-सहावारी रुळत गेली तसा ब्रोच घराघरांत शिरला.

भुसावळ_जंक्शन
आमच्याकडे काळा ब्रोच आहे. जेट (जीवाश्म लाकडाचा काळा खडा) की काच, कसं ओळखायचं? गरम सुई टोचून पाहतात म्हणे.

जुनं_ते
सुई नको, भोक राहतं. हातात घ्या: जेट हलका आणि लवकर कोमट होतो, काळी काच जड आणि गार लागते. प्रिन्स अल्बर्ट १८६१ मध्ये गेल्यावर त्यांच्या पत्नीने, व्हिक्टोरिया राणीने, धरलेल्या सुतकामुळे इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या जेटला मागणी वाढली. व्हल्कनाइट (कडक केलेलं काळं रबर) उन्हात तपकिरी पडतो, तोही सोबत तपासा. पण तुमचा वेगळा धागा काढा, ताईंना सकाळी दुकानात जायचंय.

पैठणी_जळगाव
सोनाराला फोन केला. खिटी काढायला तयार आहे, पण म्हणतो गंजून अडकली असेल तर निघणार नाही. आणि शनिवारपर्यंत झालं नाही तर?

खिटी
गंजलेली खिटी पोलादी असते. ठोकू देऊ नका, नळी चेपते. बारीक ड्रिलने मधोमध पोखरून काढायला सांगा, ब्रोच लाकडी ठोकळ्यावर, मोत्यांखाली मऊ चामडं.

वेळेत झालं नाही तर: पिनचं टोक बाहेर येतंय ना, त्यावर कानातल्याच्या मागचं सिलिकॉनचं बूच बसवा. हुक चेपून घट्ट करायच्या भानगडीत पडू नका, तो तुटतो. पदराखाली जाड कापडाचा तुकडा धरून पिन पदर, तुकडा आणि ब्लाउज तिन्हींतून घ्या, म्हणजे भार एकट्या पैठणीवर येत नाही. पिन जरीतून नको, रेशमाच्या धाग्यांच्या फटीतून. अत्तर, हेअर स्प्रे आधी, ब्रोच सगळ्यात शेवटी.

केळीबाग_रावेर
नंतर ठेवायचा कुठे? आमच्या मे महिन्यात लोखंडी कपाट तव्यासारखं तापतं.

खिटी
पश्चिमेच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको. कोरड्या उन्हाळ्यात शिंपल्यावर कोरलेले ब्रोच तडकतात, ओपललाही बारीक भेगा जातात. आतल्या खोलीत, सुती कापडात, एकटाच वेगळ्या डबीत. मोत्यांना हवाबंद पिशवी नको, डांबर गोळ्या जवळ नकोत. चांदीच्या ब्रोचला रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

पैठणी_जळगाव
०.८ ची पिन पैठणीला जाड नाही होणार? सोनार म्हणतो एक मिलिमीटर घालू.

खिटी
एक नको, भोक उरतं. ०.८ ठेवा, टोक निमुळतं करून बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत करून मागा. टोकाला खरखर राहिली तर धागा ओढला जातो, जाडीपेक्षा नुकसान तिथेच होतं.