सहा वर्षांच्या मुलीला नागीण होते का?

कऱ्हाडची आई:
लेकीच्या पाठीवर उजव्या बाजूला परवापासून पाण्याचे बारीक फोड आलेत, पट्ट्यासारखे, पोटाकडं सरकतायत. ताप नाही, खेळतेय. सासूबाई म्हणतात, नागीण आहे, वेढा पुरा व्हायच्या आत उतरवून आणा. मला कांजिण्या वाटतात, पण त्या तिला चार महिन्यांची असतानाच होऊन गेल्या. धाकटी जाऊ पाचव्या महिन्यात आहे. तिला माहेरी पाठवू का?

निवृत्त सिस्टर, मुलांचा वॉर्ड:
सासूबाईंची नजर बरोबर दिसते. उतरवणाऱ्याकडं मात्र जाऊ नका. कांजिण्या अंगभर येतात. लाल पुटकुळ्या, पाण्याचे फोड आणि खपल्या एकाच वेळी दिसतात. एकाच बाजूला पट्टा असला की बहुधा नागीण. कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दबून राहतो आणि कधीतरी एखाद्या नसेवाटे वर येतो. ती नस पोटाच्या मध्यावर संपते, मग वेढा पुरा होणार कसा? तान्हेपणी कांजिण्या झालेल्या मुलांत हे जास्त दिसतं. मोठ्यांइतकी आग मुलांना सहसा होत नाही.

तरी आजच दाखवा. एसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध द्यायचं ठरलं, तर फोड उठल्यापासून 72 तासांत सुरू करणं बरं. ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल; अॅस्पिरिन अजिबात नको, यकृत आणि मेंदूवर बेततं. नखं कापा. ओल्या फोडांवर गेरू थापू नका, पू होतो. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

आता जाऊबाई. मला खरी काळजी त्यांचीच. नागिणीपासून नागीण लागत नाही, पण फोडातल्या पाण्यातून दुसऱ्याला कांजिण्या होऊ शकतात. त्यांना लहानपणी झाल्या होत्या का, हे त्यांच्या आईला विचारा. नसतील किंवा आठवत नसेल, तर मुलीपासून लांब ठेवा आणि त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा. रक्त तपासून ठरवतात.

कऱ्हाडची आई:
विचारलं! चौथीत असताना झाल्या होत्या, कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवलं होतं म्हणे. धाकटा सव्वा वर्षाचा आहे, त्याचं काय?

निवृत्त सिस्टर:
मग जाऊबाईंची चिंता मिटलीच म्हणा, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. धाकट्याला कांजिण्यांची लस दिलीय का? सरकारी मोफत डोसांत ती नसते, बाहेर विकत घ्यावी लागते, दोन डोस. नसेल तर आज ताईला नेताना त्यालाही न्या; संपर्कानंतर पहिल्या तीन ते पाच दिवसांतही उपयोग होतो. खपल्या धरेपर्यंत फोड कपड्याखाली झाकलेले ठेवा आणि दोघांचे टॉवेल वेगळे करा.