एकाच इंजिनाचं विमान हवेत बंद पडलं तर? मुलगी गोंदूरला शिकतेय

कपाशीवाला_अमळनेर
राम राम मंडळी. पोरगी धुळ्याला गोंदूर विमानतळावर पायलटचं शिक्षण घेतेय, सेसना १७२ या छोट्या विमानावर. आता लवकरच एकटीनं उडणार. विमानाला इंजिन एकच. वर गेल्यावर तेच बंद पडलं तर? आणि त्याची देखभाल नीट होते की नाही, हे माझ्यासारख्या शेतकऱ्याला कसं कळायचं? तिच्या आईला झोप नाही, मलाही नाही.

हँगरवाले_आप्पा, भुसावळ
भाऊ, इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. वेग ६५ नॉटच्या (ताशी १२० किलोमीटरच्या) आसपास धरला तर सेसना एक हजार फुटांवरून अडीच किलोमीटरच्या आसपास तरंगत जातं. एकटं सोडण्याआधी पोरीकडून हे पुन्हा पुन्हा करून घेतात.

आता देखभाल. माझी सगळी नोकरी असल्याच इंजिनांवर गेली. लोकांना वाटतं इंजिन आतून मोडेल. पुष्कळदा भानगड पेट्रोलचीच असते. संपलं, त्यात पाणी उतरलं, नाहीतर इंजिनापर्यंत पोचलंच नाही. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि दरवेळी इंधन भरल्यावर टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढतात. विमानाचं पेट्रोल निळसर असतं, पाणी त्याच्या खाली वेगळं बसतं. कप उजेडात धरून बघायचा. न बघता ओतून देणारा माणूस मला हँगरमध्ये (विमानाच्या शेडमध्ये) नकोच.

आपल्याकडे कुंभारीण माशी फार. टाकीत हवा जायला पंखाखाली बारीक नळी असते, तिच्यात ती चिखलाचं घर करते. नळी बुजली की पेट्रोल यायचं थांबू शकतं, टाकी भरलेली असली तरी. चार दिवस उभ्या असलेल्या विमानाची ती नळी बोट लावून बघायला पोरीला सांगा.

तेल आणि फिल्टर ५० तासांनी बदलतात. पण जुना फिल्टर नुसता फेकायचा नसतो. तो कापायचा, आतली कागदाची घडी उलगडायची आणि उन्हात धरून चकाकणारा कण शोधायचा. कण दिसले तर लोहचुंबक लावायचं. चिकटले तर लोखंड आहे, मग ते कुठून आलं हे कळेपर्यंत विमान जागचं हलवायचं नाही.

उभं राहिलेलं विमान तर जास्तच जपावं. १७२ ला बहुधा लायकमिंग कंपनीचं इंजिन असतं. त्याचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) वर, त्यामुळे बरेच दिवस उभं राहिलं की तेल निथळतं आणि पावसाळ्यात कॅमला गंज धरतो. मग कोणीतरी जमिनीवरच पाच मिनिटं चालू करून बंद करतं. त्यानं आतला ओलावा जात नाही, उलट वाढतो. तेल नीट तापेपर्यंत उडवायलाच हवं.

शिकाऊ_पायलट_जळगाव
काका, आणखी एक. इंजिन कार्ब्युरेटरवालं (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग असलेलं) असेल तर दमट हवेत बाहेर २५ अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो. आम्हाला उतरताना पॉवर कमी करण्याआधी कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी दांडी, ओढायला शिकवतात. आणि उड्डाणाआधी इंजिनाला ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो एकेक करून तपासतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) ठरल्यापेक्षा जास्त पडले तर परत पार्किंगला.

कपाशीवाला_अमळनेर
आप्पा, मनापासून आभार. पण हे सगळं तिथं करतात की नाही, ते मी कसं ओळखू?

हँगरवाले_आप्पा, भुसावळ
मॅनेजरला विचारू नका, तो सगळं छान आहे असंच म्हणेल. पोरीला विचारा. तिनं टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, बिघाड लिहिला तर इंजिनिअर येऊन, दुरुस्त करून सही करतो का? की "आज उडव, उद्या बघू" म्हणतात? दुसरं उत्तर आलं तर तिनं त्या दिवशी विमानात बसायचं नाही. उड्डाणाचे तास मागे पडले तरी चालतील. आणि घरातून तिला तसं स्पष्ट सांगून ठेवा, कारण फी भरलेल्या घरातल्या पोरांना नाही म्हणायला फार जड जातं.

कपाशीवाला_अमळनेर
आज रात्रीच फोन करतो तिला.