'पुट अप विथ अस': उतरले की सोसले?

टिळकवाडीची लेक
आजोबांची इंग्रजी रोजनिशी मराठीत आणते आहे, घरातल्या मुलांसाठी. 1924 च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, त्या आठवड्यातल्या एका नोंदीवर अडले आहे. वाक्य असं: 'टू डेलिगेट्स फ्रॉम सातारा पुट अप विथ अस फॉर द वीक, अँड वुई विथ देम.' मी लिहिलं, 'साताऱ्याचे दोन प्रतिनिधी आठवडाभर आमच्याकडे उतरले होते.' पुण्याची भाची म्हणाली, आत्या, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, उतरणं नव्हेच. इथे तर आम्ही लहानपणापासून 'व्हेअर आर यू पुट अप?' असंच ऐकलंय. बरं, उतरले म्हणावं तर मागच्या 'वुई विथ देम'चं काय करू? यजमान पाहुण्यांकडे कसे उतरतील? दोन्ही अर्थ पेलणारं एखादं मराठी क्रियापद आहे का?

निवृत्त मास्तर, खानापूर
ताई, तुमचं बरोबर आणि भाचीचंही बरोबर. तोड कुठे पडते ते बघा. 'पुट अप' इथे थांबून पुढे 'विथ अस' म्हटलं तर उतरले, आमच्याकडे. 'पुट अप विथ' हे तिन्ही शब्द एका गाठीत बांधून पुढे 'अस' म्हटलं तर आम्हाला सोसलं. पहिल्यातला 'विथ' काढून 'ॲट अ लॉज' घालता येतं. दुसऱ्यातला 'विथ' हलवला की अर्थच मोडतो. 'पुट अप ॲट ॲन इन' हे जुन्या इंग्रजीत सर्रास सापडतं. ते बेळगावी इंग्रजी नाही, आता विलायतेत कमी झालं एवढंच.

तुमच्या आजोबांनी मुद्दाम कोटी केली आहे असं मला ठाम वाटतं. पहिल्या भागात दोन्ही अर्थ उघडे ठेवले आणि 'वुई विथ देम' लिहून दुसरा पक्का केला. हा माणूस इंग्रजी नुसतं शिकलेला नव्हता, त्यात रमलेला होता.

शहापूर पेठ
मास्तर, एक गंमत बघा. इंग्रज पाहुण्याला वर ठेवतो, 'अप'. आपण त्याला खाली आणतो, 'उतरले'. आणि कन्नडातही तेच: इळि म्हणजे उतर, इळिदुकोळ्ळु म्हणजे मुक्कामाला उतरणं. आमच्या दुकानात गिऱ्हाईक कन्नडात विचारतं 'येल्ली इळकोंडीरी', मी मराठीत विचारतो 'कुठं उतरल्यात'. शब्द वेगळे, चाल एक. घोड्यावरून, बैलगाडीतून खाली पाय टेकला की मुक्काम, असं मी तरी धरून चाललोय.

निपाणीकर
ही सगळी इंग्रजीची उठाठेव आहे. शब्द तेच पाच-पन्नास, पुढे अप, डाउन, ऑफ, ऑन लावायचं आणि म्हणायचं नवा अर्थ झाला. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. 'ऑफ' एकच, अर्थ दोन. मागे एका सभेचा निरोप इंग्रजीत आला, 'कॉल्ड ऑफ'. फलकावर कुणी मराठीत लिहिलं 'सभा पुढे ढकलली आहे'. लोक महिनाभर विचारत होते, पुढची तारीख कुठली? मराठीत 'तहकूब' आणि 'रद्द' कधी एकमेकांत मिसळतात का? आपली भाषा स्वच्छ आहे, ती तशी वापरा.

निवृत्त मास्तर, खानापूर
निपाणीकर, स्वच्छ म्हणता, पण हाच उद्योग आपल्या पणजीनेही केलाय. 'हृ' धातू एकच. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. पाठशाळेतल्या श्लोकात म्हटलंय की उपसर्ग धातूच्या अर्थाला बळाने दुसरीकडे ओढून नेतो. इंग्रजीने ओढणारा मागे बसवला, संस्कृतने पुढे.

आणखी पुढे सांगतो. इंग्रजीत सर्वनाम आलं की मध्येच बसवावं लागतं. 'वुई पुट देम अप' चालतं, म्हणजे आम्ही त्यांना घरी उतरवून घेतलं. 'वुई पुट अप देम' चालत नाही. मुलांना हे फार विचित्र वाटायचं. मी फळ्यावर ऋग्वेद लिहायचो: 'आ त्वा वहन्तु'. उपसर्ग 'आ' इकडे, धातू 'वह्' तिकडे, मध्ये 'त्वा' म्हणजे तुला. पाणिनीने त्यासाठी 'व्यवहिताश्च' असं सूत्रच घातलंय, की वेदात दोघांच्या मध्ये दुसरे शब्द येतात. लौकिक संस्कृतात ती मोकळीक गेली. इंग्रजीत आजही आहे.

परक्यांना हे जड जातं हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदामागे लागणाऱ्या या छोट्या शब्दांचीच परकीयांना सर्वांत जास्त अडचण होते.

शहापूर पेठ
संस्कृत राहू द्या, आजची मराठी घ्या. 'खा' आणि 'खाऊन टाक'. 'सांग' आणि 'सांगून टाक'. इथे टाकतंय कोण आणि काय? इंग्रजीत 'ईट इट अप' म्हणतात तिथे आपण 'टाक' लावतो. ते जे काम अव्ययाकडून करून घेतात ते आपण दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो. कन्नडात 'हेळिबिडु', शब्दशः 'सांगून सोड'. आणि 'हैराण करून सोडलं' तर पुण्यातही म्हणतात. मला वाटतं ते इथूनच वर गेलं.

निपाणीकर
पुण्याचं सगळं इथूनच गेलं म्हणायची सवय लागली आहे लोकांना. पुरावा काय?

अनगोळची सून
मूळ प्रश्नाचं बघूया की. ताई, मी सुचवते: 'साताऱ्याचे दोन प्रतिनिधी आठवडाभर आमच्या पदरी पडले आणि आम्ही त्यांच्या.' घरी आलेलं माणूसही पदरी पडतं, आणि पदरी पडलं की गोड मानून घ्यावं लागतं. दोन्ही आलं.

टिळकवाडीची लेक
फार आवडलं. पण आजोबा त्या पाहुण्यांवर नाराज नव्हते. पुढच्याच ओळीत आहे की पणजीने पहाटे उठून भाकऱ्या थापल्या आणि पाहुण्यांनी चुलीपुढे बसून अधिवेशनातली भाषणं तिला सांगितली. 'पदरी पडले' म्हटलं की नाइलाज येतो ना?

निपाणीकर
शिवाय 'पदरी पडणे' बायकोनवऱ्याबद्दल म्हणतात. काँग्रेसच्या प्रतिनिधींना ते शोभत नाही. 'सांभाळून घेतलं' लिहा. 'आठवडाभर आम्ही त्यांना सांभाळलं, त्यांनी आम्हाला सांभाळून घेतलं.'

अनगोळची सून
काका, यात उतरणं कुठे आलं? आणि वाक्य उलटं झालं, मूळ वाक्यात पाहुणे आधी आहेत. पण खरं सांगते, 'सांभाळलं' आणि 'सांभाळून घेतलं' यातला फरक सुरेख आहे. नुसतं 'घेतलं' लागलं आणि जेवूखाऊ घालण्याचं समजुतीत रूपांतर झालं. तुम्ही इंग्रजीवर रागावलात आणि मराठीत तेच करून दाखवलंत.

निवृत्त मास्तर, खानापूर
अगदी. 'चालवणे' आणि 'चालवून घेणे' घ्या. पहिलं गाडीचं, दुसरं गैरसोयीचं. 'चालवून घेणे' म्हणजेच पुट अप विथ. वर्गात हे सांगितलं की मुलं इंग्रजीची यादी पाठ करायची सोडून मराठीतल्या जोड्या शोधायला लागत. मला तरी याहून चांगली वाट सापडलेली नाही.

तालुका कचेरी (निवृत्त)
'पुट अप' म्हटल्यावर आमच्या डोळ्यासमोर वेगळंच येतं. साहेब कागदाच्या कडेला लिहायचे 'प्लीज पुट अप', म्हणजे फाईल पुढे ठेवा. कन्नडात 'कडत मंडिसु'. सीमेपलीकडे कोल्हापूरच्या कचेरीत 'नस्ती सादर करावी'. आमची मराठी माणसं मात्र 'फाईल पुटअप केलीय' असंच म्हणणार. 'नस्ती' म्हटलं तर इथं कुणाला कळत नाही.

निपाणीकर
कळत नाही म्हणून सोडून द्यायचं? कन्नड कागद रोज वाचतो, 'कडत' कळलं, मग 'नस्ती' का कळू नये? इथं मराठी कागद मिळावा म्हणून माणसं आयुष्यभर झगडली आणि आपण 'पुटअप केलीय' म्हणतो.

तालुका कचेरी (निवृत्त)
झगडणाऱ्यांत मीही होतो, निपाणीकर. पण ते मराठी कागदासाठी होतं आणि तो कागद आपल्या आईला वाचता यावा म्हणून होतं. 'नस्ती' तिला वाचता आली नसती. 'फाईल' आली असती.

शहापूर पेठ
'सादर' तरी कशाला? 'मांडा' म्हणा. मंडिसु आणि मांडणे कानाला सख्खे वाटतात. विधेयक मांडतात, हिशेब मांडतात, फाईलही मांडा.

अनगोळची सून
फाईल मांडली म्हटलं की मला रुखवत आठवतो. आमच्यात तर 'फॅन घाल' म्हणतात, माहेरी कुणीच म्हणत नव्हतं. कन्नडातल्या 'फॅन हाकु'वरून आलंय ना हे?

निवृत्त मास्तर, खानापूर
हो, हाकु म्हणजे घाल. माझ्या घरीही 'लाईट घाल' असंच आहे. पण बंद करताना तुमच्याकडे काय म्हणतात, 'काढ' की 'बंद कर'? गावोगावचं सांगा.

निपाणीकर
'मालव' म्हणा. दिवा मालवतात.

शहापूर पेठ
फॅन कसा मालवणार?