बुएनोस आइरेसमध्ये टँगोचा शिक्षक कसा निवडावा?

मुळाकाठ:
कार्यालयीन कामासाठी मी पुढील महिन्यापासून सहा महिने बुएनोस आइरेसला राहणार आहे. पुण्यात मी चार महिने टँगो हे जोडीने करायचे नृत्य शिकले, परंतु तिथे आठ पावलांचा एक ठरलेला क्रम घोकून घेतला जात असे. वर्गाबाहेरच्या एका जोडीदाराने तिसऱ्याच पावलाला थांबून दिशा बदलली, तेव्हा माझे पाय जागीच खिळले. आता मुळापासून शिकायचे आहे. जोडीदार नाही आणि स्पॅनिश जेमतेम येते. चांगला शिक्षक ओळखावा कसा?

अल्माग्रोवासी:
दोष आपला नाही. बंदिश पाठ झाली म्हणजे गाणे आले असे आपण म्हणत नाही, तसेच टँगोचे आहे. पुढचे पाऊल त्या क्षणी संगीत ऐकून आणि समोरच्याच्या छातीतून येणारा इशारा ओळखून ठरते. माझ्या शिक्षिकेने पहिले दोन तास मला केवळ चालायला लावले. कार्लोस दि सार्लीच्या वाद्यवृंदाची संथ ध्वनिमुद्रणे लावायची, आणि शरीराचा सारा भार एका पायावर गेल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही. कंटाळा आला खरा, पण माझा टँगो तिथेच सुरू झाला. जो शिक्षक पहिल्याच दिवशी हवेत पाय उडवायला शिकवतो, त्याच्याकडे जाऊ नये.

शिक्षक निवडण्यापूर्वी त्याला मिलोंगात, म्हणजे टँगोच्या सार्वजनिक मैफलीत, नाचताना पाहावे. रंगमंचावर देखणा नाचणारा माणूस गर्दीच्या फडावर, घड्याळाच्या उलट दिशेने सरकणाऱ्या जोड्यांमध्ये, कोणालाही धक्का न लावता नाचू शकतोच असे नाही. त्याचे विद्यार्थी कसे नाचतात, हेही पाहावे.

जोडीदाराची चिंता नको. शहराच्या पालेर्मो भागातील ला विरुता या नाचाच्या ठिकाणी मिलोंगापूर्वी वर्ग असतात आणि वर्गांत साधारणपणे जोड्या बदलत राहतात.

रात्रीची पावले:
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र केवळ वर्गावर अवलंबून राहू नये असे मला वाटते. पंधरवड्यातून एकदा तरी वैयक्तिक तास घ्यावा आणि त्यात शिक्षकाने स्वतः आपल्यासोबत नाचले पाहिजे, कारण पाठीवरचा हात किती घट्ट आहे हे दुरून पाहून कळत नाही. चांगला शिक्षक दोन्ही भूमिका, नेण्याची आणि साथ देण्याची, शिकवतो. मी स्वतः नेऊन पाहिले, तेव्हाच साथ देताना वाट पाहायला शिकले.

मिलोंगाच्या रीतीही त्याने समजावून दिल्या पाहिजेत. तिथे नाचाचे आमंत्रण दुरून नजरेने आणि मानेच्या हलक्या होकाराने दिले जाते, त्याला कबेसेओ म्हणतात. नको असेल तर नजर वळवली की पुरते. तीन-चार गाण्यांची एक तांदा असते आणि ती अर्धवट सोडणे अपमानाचे मानले जाते. नाच चालू असताना फडावरच जोडीदाराच्या चुका काढणाऱ्याकडून मात्र काहीही शिकू नये, तो कितीही नावाजलेला असो.

मुळाकाठ:
मनःपूर्वक आभार. टँगोत जोडीदाराला धरून नाचताना मिठी जवळची असते, याचा थोडा संकोच वाटतो.

रात्रीची पावले:
पहिल्याच तासाला तसे स्पष्ट सांगावे. अंतर राखूनही नाचता येते, आणि जवळ येण्याची वेळ आपण ठरवायची. हे ऐकून घेत नसेल, तर दुसरा शिक्षक शोधावा.